साध्या बाटल्या

माझ्या हातून आयुष्यात जे मूर्खपणाचे प्रकार झाले त्यातले बरेचसे स्वयंपाकघरात झाले, आणि घरच्यांनी बिचाऱ्यांनी ते खाऊन पचवले. एक मात्र पचला नाही. नांदेडला, ऐन दुष्काळात, मी पाणी वाचवलं. बारा बाटल्यांमध्ये काहीच घडत नव्हतं, म्हणून मी त्या ओतून दिल्या, घासूनपुसून उन्हात ओळीनं पालथ्या घातल्या आणि आता कुणीतरी शाबासकी देईल म्हणून वाट बघत बसले. वय तेवीस, एमएस्सी पहिल्या वर्गात, आणि डोक्यात वारा शिरायला भरपूर जागा.

शाबासकी जिच्याकडून हवी होती ती गंगाक्का.

गंगाक्का उदगीरची. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी, बुटकी, काळीसावळी, नऊवारीवर पांढरा कोट घालायची. कोटाचं वरचं बटण कायम तुटलेलं, आणि त्यातून गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी डोकवायची. स्पिरिटच्या दिव्याजवळ काम करताना ती डबी पाठीवर टाकायची सवय होती तिला. शिक्षण दहावी आणि वर एक टेक्निशियनचा कोर्स. पण नांदेडच्या आमच्या त्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत पेशी जगवायच्या त्या तिनंच. आम्ही बाकीचे पेशींविषयी वाचायचो.

मी लातूरची. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, आणि जणू माझ्या बापानंच तो करून आणला अशा तोऱ्यात मी नांदेडला उतरले होते. पहिल्याच दिवशी मी "आमचं जिल्ह्याचं ठिकाण" असं दोनदा म्हणाले. गंगाक्कानं चहाची बशी खाली ठेवली.

"आमचं उदगीर बी तुमच्याच जिल्ह्यात घातलंय म्हन. मंग आता तुमाला इचारूनच श्वास घ्यावा लागंल का?"

त्या दिवसापासून माझं नाव जिल्हा. "ए जिल्हा, पिपेट दे." "जिल्ह्याला म्हनावं, दार लाव." माझं खरं नाव तिथल्या कुणाला शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

काम काय होतं ते सांगते, भिऊ नका. ओठाच्या कडेला ताप उतरताना जे पुरळ उठतं ते नागिणीच्या भावकीतल्या एका विषाणूचं. हर्पीस. त्याचाच एक भाऊ कमरेखाली राहतो. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी जो कर्करोग होतो त्यामागे हा धाकटा भाऊ असावा, असा संशय तेव्हा जगभरच्या शहाण्या लोकांना होता. आमचे डॉक्टर सर त्यांतले एक. परदेशात ते काम त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि परत येऊन नांदेडात मांडलं होतं. बिलोलीकडून, किनवटकडून ज्या बायका शेवटच्या अवस्थेत दवाखान्यात यायच्या त्यांना बघून ते रोज थोडे थोडे म्हातारे होत होते.

हा विषाणू जिवंत सोडला तर पेशी मारून टाकतो, मग कर्करोग कसला आणि काय. म्हणून त्याला आधी जांभळ्या दिव्याखाली ठेवून अधमेला करायचा. वाढायची ताकद संपली पाहिजे, पण पेशीत शिरून कानात काहीतरी सांगण्याइतका जीव राहिला पाहिजे. मग तो हॅमस्टरच्या, म्हणजे त्या सोनेरी उंदराच्या, पेशींवर सोडायचा आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहायची. शहाण्या पेशी बाटलीच्या तळाला एका थरात पसरतात. शेजारणीला धक्का लागला की थांबतात. बिघडलेल्या पेशी थांबत नाहीत. बाजारच्या दिवशी अहमदपूरच्या स्टँडवर एसटी लागली की माणसं जशी एकमेकांच्या अंगावर चढतात तशा त्या चढतात. तळावर ढीग दिसायला लागतात.

गंगाक्काच्या भाषेत हे फार सोपं होतं. कन्नडात पुरे म्हणायला साकु म्हणतात. उदगीरच्या पंगतीत वाढप्याला हात आडवा करून साकु साकु म्हणतात तसं. "चांगली पेशी साकु म्हनती," ती सांगायची. "बिघडली की तेवढा एक शबुद इसरती. बाकी समदं तेच." पुढे मी ज्युनियर कॉलेजात तीस वर्षं शिकवलं. कर्करोगाची याहून नेटकी व्याख्या माझ्या हाती लागली नाही.

तिच्या सवयी. पेशींच्या खोलीत ती एक शब्द बोलत नसे. तोंडाला फडकं असलं तरी नाही. श्वासातून जंतू जातात हे मलाही माहीत होतं, पण मी माहीत असलेल्या गोष्टी पाळायच्या वयात नव्हते. आत सगळा कारभार भुवयांवर चालायचा. उजवी भुवई म्हणजे बाटली तिरपी धर. दोन्ही भुवया म्हणजे तुझ्या बापानं तुला कॉलेजात का घातलं. मग तासाभरानं बाहेर आली की फडकं सोडायची आणि आत साठलेलं सगळं एका दमात बोलून टाकायची, क्रमवार, मी पहिल्या मिनिटाला काय चुकले आणि चाळिसाव्याला काय.

पेशींच्या पाण्यात एक रंग असतो. ताजं असताना गुलाबी, पेशींनी खाऊन पिऊन घाण केलं की पिवळं. पिवळी बाटली दिसली की ती म्हणायची, "हिला हळद लागली." म्हणजे पाणी बदलायची वेळ झाली. पुढे माझं लग्न ठरल्याचं सांगितलं तेव्हाही ती एवढंच म्हणाली, "तुला बी हळद लागनार तर. बरंय, पानी बदलंल."

आणि धुणं. काचेची बाटली चौदा वेळा खळबळायची. सात वेळा नळाच्या पाण्यानं, सात वेळा डिस्टिल्ड. त्या वर्षी नळ म्हणजे टँकर, तोही चौथ्या दिवशी. शेवटच्या बाटलीचं शेवटचं पाणी पुढच्या दिवसाच्या पहिल्या बाटलीचं पहिलं पाणी व्हायचं, आणि पहिल्याचं पाणी फरशीवर जायचं, फरशीचं लिंबाच्या झाडाला. तो लिंब त्या वर्षी अख्ख्या गल्लीत एकटाच हिरवा होता, आणि त्यानंच घात केला. गल्लीतल्या बायका हंडे घेऊन दारात आल्या. पुढे एक म्हातारी.

"काय वं बाई, रिकाम्या बाटल्या चौदा डाव धुताव म्हनं. बाटल्यायनं काय पुन्य केलं व्हतं? इथं लेकरायला नरड्यापुरतं न्हाई."

मला वाटलं गंगाक्का आता भुवया वापरणार. तिनं कोपऱ्यातली स्वतःची घागर उचलली. घरून रोज आणायची ती, दिवसभराचं प्यायचं. ती तिनं म्हातारीच्या हंड्यात ओतली, थेंब निथळेपर्यंत.

"हे माजं हाय. बाटल्यायचं देता येत न्हाई, माय."

म्हातारी घागरीकडे बघत राहिली, मग हंडा उचलून गेली. गंगाक्का त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोरडी राहिली. मी फार हुशारीनं सुचवलं की चौदाच्या जागी दहा वेळा धुवू, कोण बघतंय.

"बाईला तहान लागली तर दारात येऊन भांडती," ती म्हणाली. "पेशी भांडत न्हाई. साबनाचा कन ऱ्हायला तर गुमान मरती. आन आपन लिहिनार, विषानूनं मारली."

उन्हाळ्यात तर उलटीच गंमत. इनक्युबेटर हे यंत्र पेशींना ऊब द्यायला असतं, सदतीस अंश. आमची खोलीच बेचाळिसावर. वीज गेली की जगात सगळीकडे पेशी थंडीनं मरतात, नांदेडात त्या उकडून मरायच्या. गंगाक्कानं एक जुना रांजण ओल्या वाळूत अर्धा पुरून ठेवला होता. वीज गेली की बाटल्या रांजणात. सरांनी परदेशातल्या मित्राला पत्रात हे कळवलं होतं. त्याला ते कळलं नसावं, कारण त्यानं रांजण कोणत्या कंपनीचा असं विचारलं.

हे सगळं ती कशापायी करत होती, ते मला तिथं लागून चार महिन्यांनी कळलं. तिची धाकटी बहीण होती, महादेवी. उदगीरलाच दिलेली. दोन लेकरांची आई. अंगावरून जायला लागलं, वर्षभर कुणाला बोलली नाही, बोलली तेव्हा उशीर झाला होता. गंगाक्कानं तिला नांदेडला आणून शेवटचे तीन महिने सांभाळलं. आणि सासरी काय चाललं होतं? सासू म्हणे, विटाळात माहूरचा गड चढली, देवी कोपली. दीर त्याहून घाण बोलला. लेकरांसमोर बोलला. ते मी इथं लिहीत नाही.

सरांचा तर्क गंगाक्काच्या कानावर गेला तेव्हा ती दवाखान्यातली बरी नोकरी सोडून या दोन खोल्यांत आली. "सर म्हनले, विषानू नवऱ्याकडून येतो, बाईला पत्ता बी नसतो. मंजे म्हादेवीनं काई केलं नव्हतं. देवीनं बी न्हाई." मग म्हणाली, "हे कुनीतरी कागदावर लिहून दिलं तर मी त्या दिराला वाचून दाखवनार हाय. त्याच्या लेकरांसमोर."

एवढंच हवं होतं तिला. एक कागद.

आता माझा पराक्रम. त्या खेपेला चोवीस बाटल्या होत्या. बारांत अधमेला विषाणू, बारांत काहीच नाही. बाकी सगळं सारखं. तेच पाणी, तीच ऊब, तोच रांजण. या दुसऱ्या बारांना गंगाक्का साध्या बाटल्या म्हणायची. पाचव्या आठवड्यात महादेवीचं श्राद्ध आलं. गंगाक्का आठ दिवसांसाठी उदगीरला निघाली. जाताना दारातून मागे वळून म्हणाली, "साध्यांना इसरू नको. त्या काई मागत न्हाईत, म्हनून म्हनते."

मी विसरले नाही. मी विचार केला, जे जास्त वाईट. टँकर आला नव्हता. डिस्टिल्ड पाणी संपत आलेलं. ते गाळायच्या काचेच्या भट्टीला थंड ठेवायला बादलीभर पाणी वाया जायचं. मी सूक्ष्मदर्शकाखाली साध्या बाटल्या बघितल्या. एक थर, शांत, काही नाही. पाच आठवडे काही नाही. मनात म्हटलं, ज्यांच्यात काही होणारच नाही त्यांना दुष्काळात कशाला पाजायचं? दवाखान्यात निरोगी माणसाला खाट देतात का? वर ओतताना मला गल्लीतली ती म्हातारी आठवली, आणि आपण केवढ्या थोर मनाच्या आहोत या विचारानं माझे डोळे भरून आले. खरंच भरून आले. अजून आठवलं की स्वतःच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

तीन दिवसांनी विषाणूच्या पाच बाटल्यांत ढीग दिसले. स्पष्ट, एकमेकींवर चढलेल्या पेशींचे. मी सरांना बोलावलं. सर इतका वेळ वाकून बघत राहिले की मला वाटलं, पाठ धरली. उठले तेव्हा चष्मा काढून पुसत होते.

"साध्या बाटल्यांत?" त्यांनी विचारलं.

"काही नव्हतं, सर," मी म्हणाले.

नव्हतं. बघा, खोटं बोलले नाही मी. फक्त क्रियापदाचा काळ त्यांच्या लक्षात आला नाही आणि मी तो आणून दिला नाही. सर त्याच दुपारी लिहायला बसले.

गंगाक्का परतली ती थेट आत. फडकं बांधलं, डबी पाठीवर टाकली, पाच बाटल्या एकामागून एक बघितल्या. बाहेर आली. मी वाट बघत होते, आता तासाभराचं बोलणं सुटेल. फडकं सोडून तिनं ते डोळ्यांना लावलं. तिचा चेहरा असा झाला होता की मी नजर दुसरीकडे वळवली. मग ती खिडकीपाशी गेली आणि तिला उन्हात पालथ्या घातलेल्या बारा बाटल्या दिसल्या.

"ह्या?"

"पाणी नव्हतं, अक्का. त्यांच्यात काही होतच नव्हतं."

ती स्टुलावर बसली. बाहेर टँकरचा भोंगा वाजला, बायकांची पळापळ झाली, तरी उठली नाही.

या विषाणूची एक खोड सर नेहमी सांगायचे. तो येतो, पेशीला बिघडवतो आणि निघून जातो. नंतर बिघडलेल्या पेशीत शोधायला जावं तर पुष्कळदा त्याचा मागमूस नसतो. म्हणजे चोर सापडणार नाही, चोरीचा माल सापडणार नाही. शेजारच्या घरात चोरी झाली नाही, एवढाच काय तो पुरावा. आणि शेजारचं घर मी पाडून, घासून, उन्हात वाळत घातलं होतं. पेशी नुसत्या म्हातारपणानंही बिघडतात. या आपोआप बिघडल्या नाहीत हे आता कुणी सांगायचं?

"सरांना सांग," ती म्हणाली.

"अक्का, सरांनी लिहायला घेतलंय. आणि तुम्हाला जे हवं होतं तेच तर आलंय!"

"मला हवं व्हतं," ती म्हणाली, "म्हनूनच."

मी गेले नाही. माझे पाय गेले नाहीत. शेवटी तीच उठली, सरांच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "साध्या बाटल्या मेल्या, सर. पुन्ना लावावं लागंल." मेल्या म्हणाली. मारल्या म्हणाली नाही. सरांनी लेखणी खाली ठेवली. मग त्यांनी लिहिलेली पानं फाडल्याचा आवाज आला, सावकाश, एकेक.

पुन्हा लावलं. हैदराबादहून नव्या पेशी आल्या, सरांच्या मांडीवर ओल्या फडक्यात, रात्रभर आगगाडीत. पुन्हा चोवीस. त्या उन्हाळ्यात गंगाक्का घरून दोन घागरी आणायची, एक डोक्यावर, एक कमरेवर. मी एक आणायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. माझी घागर हिंदकळायची, तिची नाही. साध्या बाटल्यांना ती आता स्वतः पाजायची, विषाणूवाल्यांच्या आधी. मला हात लावू देत नव्हती, आणि मी मागतही नव्हते.

आठव्या आठवड्यात विषाणूच्या बाटल्यांत ढीग आले. तिनं मला बघू दिलं. माझ्या मनात फटाके. मग तिनं साध्या बाटल्यांतली एक ठेवली सूक्ष्मदर्शकाखाली. मग दुसरी. तिसरीवर ती थांबली. बाजूला झाली आणि भुवईनं मला खुणावलं, बघ.

ढीग. चांगले गलेलठ्ठ. चौथीत पण. बारा संपल्या तेव्हा दोन्हीकडे जवळपास सारखंच झालं होतं. विषाणू नसतानाही पेशी साकु विसरल्या होत्या. आमची उकडणारी खोली, टँकरचं पाणी, का त्या पेशींचाच स्वभाव, काही कळायला मार्ग नव्हता. विषाणूनं केलं नाही असंही सिद्ध झालं नव्हतं. काहीच सिद्ध झालं नव्हतं. अख्खा दुष्काळ आम्ही काहीच सिद्ध न होण्यासाठी पाणी वाहिलं होतं.

बाहेर येऊन तिनं फडकं सोडलं. मी वाट बघितली. "साकु," ती म्हणाली, आणि बाटल्या धुवायला बसली. चौदा वेळा. मी शेजारी बसले. ती खळबळायची, मी पालथी घालायची.

पुढे सरांची बदली झाली. त्या दोन खोल्यांत आता काय आहे कोण जाणे. मी लग्न होऊन अहमदपूरला गेले, माझं पाणी बदललं. गंगाक्का निवृत्त होऊन उदगीरला भाच्याकडे राहायला गेली. भाचा म्हणजे महादेवीचा थोरला. दिवाळीला एक पत्र मी पाठवायची, एक ती. तिच्या पत्रात तीन ओळी असत आणि त्यांतली एक पाण्याविषयी.

मधल्या काळात खरा चोर सापडला होता. तो दुसराच निघाला. अंगावर मस उठवतात त्या जातीचा विषाणू, आमच्या पुरळवाल्याशी काही नातं नाही. मला ते कधीचंच ठाऊक होतं. पण तिला पत्रात कसं लिहायचं? आयुष्याची इतकी वर्षं तुम्ही चुकीच्या दारात बसला होतात, असं? दर दिवाळीला मी ते पुढच्या दिवाळीवर टाकलं. मग मागच्या महिन्यात माझ्या नातीला लातूरला त्याची लस टोचली. लस! पोरीनं दवाखाना डोक्यावर घेतला, आणि मी बाहेर बाकड्यावर बसून तिच्याहून जास्त रडले. सून घाबरली. दुसऱ्या दिवशी मी उदगीरची गाडी धरली.

गंगाक्का ओसरीत खाटेवर होती. अगदी एवढीशी झालेली. डोळ्यांत मोतीबिंदू, पण भुवया तशाच. खाटेखाली झाकलेली घागर.

"कोन? जिल्हा आला का?"

मी शेजारी बसून सगळं सांगितलं. तो विषाणू आपला नव्हे. दुसरा. पण तोही नवऱ्याकडूनच येऊ शकतो, बाईला पत्ता नसतो, वर्षानुवर्षं अंगात गप्प राहतो. देवीचा कोप नाही. चालीचा प्रश्न नाही. आता तर पोरींना लस देतात.

मग तिचं पोट हलायला लागलं. हसत होती.

"मंजे आपला तो निर्दोष? आन तू त्याला फाशी द्यायला निघाली व्हतीस, साक्षीदार उन्हात वाळत घालून!"

"हो, अक्का."

"लई शानी व्हतीस."

"लई."

हसणं ओसरलं. तिनं माझा हात चाचपून धरला. तळहात अजून खरखरीत होता, चौदा वेळांचा.

"ज्यायनं हे शोधलं, त्यायनं साध्या बाटल्या ठेवल्या व्हत्या का?"

मी सांगितलं, ठेवल्या होत्या. नुसत्या बाटल्या नाहीत, देशोदेशीच्या बायका. आजारी बायकांशेजारी निरोगी बायका तपासल्या, वर्षानुवर्षं, एकीलाही न विसरता.

तिनं डोळे मिटले. गळ्यातली डबी मुठीत घेतली. मला वाटलं झोप लागली, मी उठायला लागले, तेव्हा ती म्हणाली,

"मंग खरं असंल. आता जायला हरकत न्हाई. म्हादेवीला सांगाया तोंड झालं."